कुणाकडं आलात?

आमच्या नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात एसटीतून उतरलेल्या नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुणाकडं आलात? पारावरचा म्हातारा विचारतो, किराणा दुकानातला पोरगा विचारतो, पाण्याची घागर घेऊन चाललेली बाई डोक्यावरचं ओझं न उतरवता विचारते. आपण एक नाव सांगितलं की काम झालं. कुणीतरी त्या घरापर्यंत सोडायला येतं, वाटेत पीकपाण्याची चौकशी होते, आणि दाराशी पोचेपर्यंत अनोळखी माणसाचा पाहुणा झालेला असतो.

या प्रश्नात आपुलकी आहे, आणि तपासणीही आहे. नावानंतर आडनाव, आडनावानंतर वस्ती, आणि वस्तीवरून पुढचं सगळं. माझ्या आजोबांच्या तरुणपणी त्या पुढच्या सगळ्यावरून माणसानं कोणत्या वाटेनं यायचं, कुठं थांबायचं आणि पाणी वरून ओतलेलं ओंजळीत घ्यायचं का, हे ठरत असे. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढच्या काही पिढ्यांत जिल्ह्यातल्या ज्या घरांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं, त्यांतली बहुतेक वेशीबाहेरची होती. आमचं घर त्यांतलंच. चर्चमध्ये एकाच बाकावर बसता यायचं, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेता यायचं. गावच्या विहिरीवर मात्र जुनाच कायदा चालू राहिला.

माझे एक चुलत आजोबा परळच्या गिरणीत नोकरीला लागले. मुंबईत कुणी ‘कुणाकडं आलात’ विचारत नाही, हे त्यांना त्या शहराचं सगळ्यांत मोठं सुख वाटायचं. तरी जुनी तपासणी गिरणीच्या फाटकातून त्यांच्यामागोमाग आत आलीच होती. विणकामाच्या खात्यात अस्पृश्य मानलेल्यांना घेत नसत, कारण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागे आणि त्यांच्या तोंडचं सूत इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे मांडला होता. आजोबा रिंग खात्यात राहिले आणि तिथूनच निवृत्त झाले. हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं मी जिथं अनोळखी माणसं भेटली म्हणणार आहे, ती जागा परळच आहे, आणि तिथं मला पाणी ओतायला सांगितलं गेलं होतं.

कॉलेजात असताना आमच्या चर्चच्या तरुण संघाची सेवा-सहल मुंबईला निघाली. नाताळ आणि नवं वर्ष आटोपलं होतं, थंडी चांगली होती. माळशेज घाटातून कल्याणमार्गे जाणारी रात्रीची एसटी, गुंडाळलेल्या वळकट्या, ‘उपासना संगीत’च्या कडा झिजलेल्या प्रती, एक ढोलकी आणि टाळ. मुक्काम भायखळ्यातल्या एका मराठी चर्चच्या हॉलमध्ये. पाळकसाहेब बरोबर होते, पण सहलीची खरी सूत्रं सिस्टरांच्या हाती होती. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून पुढं आयुष्यभर वॉर्डात उभ्या राहिलेल्या, नातवंडं असलेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या बाई. आमच्या समाजात अशी एक सिस्टर प्रत्येक घरात नाही तरी प्रत्येक आळीत असते. मराठी ख्रिस्ती स्त्रियांनी महाराष्ट्रातल्या इस्पितळांना काय दिलं, यावर कुणीतरी मोठं पुस्तक लिहायला हवं.

आम्हाला वाटत होतं, ब्लँकेटं वाटायची असतील, वडापावची पाकिटं भरायची असतील. हॉलमध्ये चहा झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, “आज हातात काही घ्यायचं नाही. नुसतं जायचं. नमस्कार करायचा. कुणी बसा म्हणालं तर बसायचं, कुणी काम सांगितलं तर करायचं.”

“आणि कुणी काहीच बोललं नाही तर?” एकानं विचारलं.

“तर पुढं चालायचं. त्यांची जागा आहे ती, आपली नाही.”

सुवार्तेच्या छापील पत्रिकांचा एक गठ्ठा आमच्या सामानात होता. सिस्टरांनी तो हॉलच्या कपाटात ठेवायला लावला. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला उठून निघून जाता येत नाही, त्याच्या हातात पत्रिका ठेवू नये. कुणी विचारलं तुम्ही कोण, तर लाजायचं नाही, सरळ सांगायचं. मी आजही श्रद्धेनं चर्चला जाणारा माणूस आहे आणि सिस्टरांचं हे वाक्य मला माझ्या श्रद्धेला धरूनच वाटतं.

आम्ही गेलो ते टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या हॉस्पिटलापाशी. ते १९४१ साली परळला सुरू झालं. पलीकडं के.ई.एम., जवळच वाडिया. एका चौकाभोवती एवढी मोठी इस्पितळं असल्यावर त्या रस्त्यांना एक वेगळीच वस्ती लाभते. ती कुठल्याही मतदारयादीत नसते. कॅन्सरचा उपचार म्हणजे एकदा दाखल होऊन बरं होऊन घरी जाणं नव्हे, हे परगावच्या माणसाला इथं आल्यावरच कळतं. आधी तपासण्या, मग बायोप्सीच्या रिपोर्टची वाट, मग तारीख. विकिरणाचा उपचार म्हटलं तर आठवड्यातून पाच दिवस, असे कित्येक आठवडे. रोज मशीनखाली लागतात काही मिनिटं. उरलेला दिवस आणि सबंध रात्र कुठं काढायची? इस्पितळात खाट नाही, कारण खाटेची गरज नाही. मुंबईत नातेवाईक नाही. गाडगेबाबांच्या नावानं चालणारी दादरची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते, इतरही काही धर्मशाळा देतात, पण येणारी माणसं त्यांत मावत नाहीत. मग फुटपाथ. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, आसाम, आणि आपला विदर्भ-मराठवाडा.

लांबून पाहिलं तर ती गर्दी वाटते. जवळ गेल्यावर कळतं की ती घरं आहेत. एका भिंतीला दोरी, दोरीवर वाळत घातलेला पंचा आणि लुगडं. प्लॅस्टिकच्या पिशवीत इस्पितळाची फाइल, पावसाचा एकही थेंब नसताना दोन पिशव्यांत गुंडाळलेली, कारण ती फाइल म्हणजेच त्या माणसाचं इथलं नाव. स्टोव्ह, एक पातेलं, उशाला गाठोडं. दोन कुटुंबांमध्ये विटांची एक ओळ. ती ओलांडायची नाही, हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

तिथंच एका आजींनी आम्हाला हटकलं. मान वर करून, डोळ्यांवर हात धरून त्या म्हणाल्या, “कुणाकडं आलाव रं पोरांनो?”

मुंबईच्या भर रस्त्यावर तो प्रश्न ऐकून आम्ही थांबलोच. माझ्याबरोबरचा मित्र म्हणाला, “कुणाकडं नाही आजी. तुमच्याकडंच.”

“मंग बसा की,” म्हणाल्या, आणि गाठोडं सरकवून त्यांनी चादरीवर जागा केली.

परभणीकडचं म्हातारं जोडपं होतं ते. बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर पुसट गोपीचंदन. वारी चुकली नव्हती, आणि तंबाखूही सुटली नव्हती. जबड्याचा कॅन्सर. नाकातून घशाखाली गेलेली बारीक नळी गालावर चिकटपट्टीनं धरलेली. मानेवर आणि गालावर जांभळ्या शाईच्या रेघा मारलेल्या. विकिरण नेमकं कुठं द्यायचं त्याच्या त्या खुणा होत्या, उपचार संपेपर्यंत त्या पुसायच्या नसतात. त्यामुळं बाबांना तोंड धुता येत नव्हतं. आजी ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ आणि डोळे पुसायच्या, रेघांच्या कडेकडेनं, रांगोळीला धक्का लागू नये तसा हात जपत. बाबांचं बोलणं आम्हाला कळत नव्हतं. ते बोलायचे आणि आजी ते आमच्यासाठी पुन्हा म्हणायच्या.

मग चौकशी झाली. गाव कोणतं. आडनाव काय. मी आडनाव सांगितलं, आमच्याकडं ते दोन-तीन समाजांत चालतं. आजींनी पुढचा प्रश्न विचारला, अगदी सहज. मी म्हणालो, “आम्ही ख्रिश्चन. नगरचे. आजोबांच्या आधीपासूनचे.” त्यांनी बाबांकडं पाहिलं. नगर जिल्ह्यातले ख्रिश्चन म्हणजे कोण, हे परभणीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बाबा काहीतरी बोलले. आजींनी ते आम्हाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “त्या टपरीमागं नळ हाय. येवढी कळशी भरून आण, लेकरा. यांची जेवणाची टायम झाली.”

मी कळशी भरून आणली. दरम्यान सिस्टर येऊन पोचल्या होत्या. आजींनी मुगाच्या डाळीचं पाणी केलं होतं. ते त्यांनी आधी चहाच्या गाळणीतून गाळलं, मग मऊ फडक्यातून पुन्हा गाळलं, कारण एक कणही राहिला तरी नळी तुंबते, आणि नळी तुंबली की पुन्हा रांग, पुन्हा डॉक्टर. नळीच्या तोंडाला मोठ्या सिरिंजचं नळकांडं लावायचं, दट्ट्या काढून टाकायचा, नळकांडं डोक्याच्या वर धरायचं आणि त्यात वरण ओतायचं. ते आपल्या वजनानं खाली उतरतं. घाई करायची नाही, दाबायचं नाही. माणूस बसलेला हवा, आडवा नको. शेवटी स्वच्छ पाणी ओतून नळी धुवायची. आजींचा दंड वर धरून धरून भरून येत असे, रोज पाच-सहा वेळा हेच. सिस्टरांनी त्यांचा हात खाली घेतला आणि नळकांडं स्वतः धरलं. मग माझ्याकडं पाहून आजी म्हणाल्या, “आता तू पाणी वत. हळू.”

मी ओतलं. कळशीतून पेल्यात, पेल्यातून नळकांड्यात. बाबांचे डोळे मिटलेले होते. पाणी उतरताना त्यांच्या गळ्यातली माळ किंचित हलत होती. बस, एवढंच घडलं. पण १९२७ साली महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना मोर्चा काढावा लागला आणि मार खावा लागला, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं होतं. आमच्या आजोबांच्या हातचं पाणी त्यांच्या गावात कुणी घेतलं नाही, हे घरात ऐकलेलं होतं. बाबा काय बोलले होते ते मला कधीच कळलं नाही. आजींनी पाणी ओतायला मला सांगितलं, सिस्टरांना नाही, आणि आडनाव नीट विचारून घेतल्यावर सांगितलं. ही गोष्ट मी त्यांनी मला दिलेली मानतो. मी ती मागितली नव्हती आणि मला मागता आलीही नसती.

त्याच दुपारी एक गाडी येऊन थांबली. चांगल्या घरची माणसं होती, कुणाच्या तरी स्मरणार्थ पुरी-भाजीची पाकिटं वाटत होती. भावना खरी होती, त्यांच्या चेहऱ्यावर ती दिसत होती. भराभर हात चालत होते. बाबांच्या हातातही एक पाकीट आलं. नाकात नळी असलेल्या माणसाच्या हातात पुरी-भाजी. बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि आजींच्या बाजूला ठेवलं. पलीकडच्या कुटुंबातल्या एका तरुण बाईनं मान हलवून नको म्हटलं, कारण तिचं जेवण झालं होतं. पाकीट तरीही तिच्या चादरीवर ठेवलं गेलं. अन्नदान वाईट असं मी म्हणत नाही. त्या फुटपाथवरची कितीतरी माणसं अशा दानावरच महिना काढतात, आणि परळला वर्षानुवर्षं रोज शिजवून वाढणाऱ्या संस्थांपुढं मी हात जोडतो. पण तिथं माणसाला ‘नको’ म्हणायची आणि त्याचं ‘नको’ ऐकून घेतलं जाण्याची सोय राहिली नव्हती. पाकीट परत घ्यायला एक क्षण थांबावं लागलं असतं, आणि गाडीला पुढं जायचं होतं.

बाबांना हवं होतं ते वेगळंच. त्यांना पत्र लिहून हवं होतं. मी पोस्टकार्ड आणलं. बाबा सांगत, आजी बोलून दाखवत, मी लिहीत असे. मुलाला पत्र. रानडुकरं येतात, राखण कर. ज्वारी हुरड्यात आली असेल, बहिणीला हुरड्याला बोलव. तांबड्या बैलाच्या खांद्याला हळद-तेल लाव, त्याला उसाच्या गाडीला कुणाला देऊ नको. सोसायटीचा हप्ता पुढं ढकलता येतो का विचार. कार्डाच्या पार तळाशी एक ओळ : तब्येत बरी आहे, उपचार चालू आहे. मी पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला लागलो, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. आजी म्हणाल्या, “दवाखान्याचं नाव घालू नको बाबा. पोस्टमन वाटंत समद्यांला वाचून दावतो.” कॅन्सर हा शब्द गावात जायला नको होता. घरात लग्नाची नात होती. मग कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या नावे पत्ता घातला. त्या फुटपाथवरच्या अनेकांची पत्रं त्याच्याकडंच येत. कोकणातला माणूस. रुग्णांच्या थर्मासमध्ये तो गरम पाणी भरून देई आणि त्याचे पैसे घेत नसे.

त्या वस्तीला आपली व्यवस्था होती, आपले जाणते होते. वडिलांना घेऊन बंगालमधून आलेला एक मुलगा तिथं राहून इतका तयार झाला होता, की नवीन आलेलं प्रत्येक कुटुंब आधी त्याच्याकडं पाठवलं जाई. कोणती खिडकी किती वाजता उघडते, कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, सिद्धिविनायक न्यासाच्या मदतीसाठी कोणती कागदपत्रं लागतात, तहसीलदाराचा दाखला नसेल तर काय, आंघोळीची सोय कुठं, झेरॉक्स स्वस्त कुठं, सगळं त्याला पाठ. आम्ही काय करू शकतो असं आम्ही त्यालाच विचारलं. त्यानं आमच्याकडं पाहून हिशेब केला आणि कामं वाटून दिली. दोघांनी पहाटे येऊन रांगेत उभं राहायचं, म्हणजे रुग्णाला उभं राहावं लागणार नाही. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं अर्ज लिहायचे. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, पण त्यासाठी इस्पितळाकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो आणि मग आरक्षणाच्या खिडकीवर ताटकळावं लागतं. गीतांजली एक्सप्रेसचं तिकीट काढायला आमचे दोघे व्ही.टी.ला गेले. तोवर शहराचं नाव मुंबई झालं होतं, स्टेशनचंही बदलत होतं, पण फुटपाथवर सगळे व्ही.टी.च म्हणत. आम्ही त्या मुलाचे सांगकामे झालो. सहलीतले माझे सगळ्यांत चांगले दिवस ते.

गाडगेबाबा अनोळखी गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत आणि मग भाकरी घेत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तन त्यानंतर. गावाला काय हवंय ते रस्त्यावरच पडलेलं असे, त्यांना ते दिसे. आपली सेवा बहुतेक वेळा घरूनच ठरवून निघते. काय द्यायचं ते आधी ठरतं, किती द्यायचं ते ठरतं, गाडीत भरलं जातं, आणि मग ते घेणारं माणूस शोधायचं एवढंच उरतं.

आमच्या ख्रिस्ती परंपरेतही या रस्त्यावरून आधी गेलेली माणसं आहेत. १८८२ च्या सप्टेंबरात मुक्तिफौजेचे, म्हणजे सॅल्व्हेशन आर्मीचे, चार जण मुंबईत उतरले. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर हा सनदी नोकरी सोडून आलेला इंग्रज. हे लोक रस्त्यावरून गात, मिरवणूक काढत फिरले म्हणून सरकारनं त्यांना पकडलं. पुढं टकरनं देशी वेष घेतला, फकीर सिंग हे नाव घेतलं, अनवाणी चालला, लोकांच्या दारात जाऊन अन्न मागून खाल्लं. राज्यकर्त्या जमातीतला माणूस खेडुताच्या दारात भाकरीसाठी उभा राहतो, तेव्हा दार उघडायचं की नाही हे खेडूत ठरवतो. टकरच्या साऱ्या धर्मप्रचाराशी मी सहमत असेन-नसेन, पण दार उघडण्याचा हक्क त्यानं समोरच्याच्या हाती ठेवला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भायखळ्याला लागूनच नागपाडा. तिथं आमच्याच मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नेबरहुड हाउस चालवलं. १९३६ साली समाजकार्य शिकवणारी दोराबजी टाटांच्या नावाची संस्था निघाली तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती. शेजारी राहून शेजाऱ्याला काय हवं ते विचारणं, हे शास्त्र म्हणून शिकवायची आपल्याकडची सुरुवात त्या गल्ल्यांतून झाली.

आणि कवी नारायण वामन टिळक. त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं तेही एका अनोळखी माणसामुळं. १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं निघालं, काव्यावर बोलणं झालं, आणि उतरताना त्यानं टिळकांना नवा करार भेट दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना पुढं कळलं नाही. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हा प्रसंग आणि त्यानंतर लक्ष्मीबाईंनी जे सोसलं ते दोन्ही आठवत असेल. आता त्या गृहस्थानं तर पुस्तकच हातात ठेवलं होतं, मग सिस्टरांनी पत्रिका कपाटात का ठेवल्या, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, “डब्यात दोघांकडं तिकीट होतं.” टिळक वाद घालू शकत होते, पुस्तक परत करू शकत होते, पुढच्या स्टेशनला डबा बदलू शकत होते. नळी लावलेला माणूस चादर सोडून कुठं जाणार?

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा म्हणून बसलेला प्रभू भुकेल्याचं, तहानेल्याचं आणि परक्याचं नाव घेऊन लोकांना जाब विचारतो. आमच्या चर्चमध्ये सेवेच्या प्रत्येक सहलीआधी हा अध्याय वाचतात, आणि वाचताना आपण देणाऱ्याच्या बाजूला उभे आहोत असं धरूनच चालतात. परळच्या फुटपाथवर परके आम्ही होतो. घर त्यांचं होतं. जागा करून द्यायची की नाही हे आजींनी ठरवलं, आधी विचारपूस केली, मग ‘बसा की’ म्हणाल्या. त्यानंतर तो अध्याय मला पूर्वीसारखा कधी वाचता आला नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजींनीच सुचवलं, की तुमच्याकडं टाळ आहेत तर म्हणा काहीतरी. आम्ही टिळकांची दोन पदं म्हटली. टिळकांनी ख्रिस्ताचं गाणं अभंग-ओवीत आणि भजनाच्या चालीत आणलं, त्यामुळं आमच्या प्रार्थनेला आणि बाबांच्या हरिपाठाला एकच ठेका लागतो. बाबांना गाता येत नव्हतं. त्यांनी बोटांनी मांडीवर ताल धरला आणि एका ठिकाणी आमचा ढोलकीवाला घाई करत होता त्याला डोळ्यांनी थांबवलं. नंतर आजींनी त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं : चाल आपलीच हाय म्हणत्यात.

आता चर्चच्या तरुण संघात मी मोठ्या माणसांच्या बाकावर बसतो. टाटा हॉस्पिटलच्या शाखा वाराणसीला, गुवाहाटीला, पंजाबात झाल्या, खारघरला मोठं केंद्र झालं, महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. तरी परळच्या फुटपाथवर आणि जवळच्या उड्डाणपुलाखाली माणसं राहतातच. पोस्टकार्ड गेलं, मोबाइल आला. आता त्यांना पत्र लिहून नको असतं, फोन चार्ज करून हवा असतो, ऑनलाइन अर्ज भरून हवा असतो, इंग्रजी रिपोर्टमधलं काय विचारायचं ते डॉक्टरांना विचारायला बरोबर कुणी हवं असतं. आणि सेवेला येणाऱ्या पोरांच्या हातात आता कॅमेरा असतो. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला दार नसतं, म्हणून त्याचा फोटो काढणं सोपं असतं. मला ते पाहवत नाही.

तेव्हा यंदाच्या नाताळानंतर ज्या मंडळ्यांचे तरुण संघ मुंबईला निघतील, त्यांना माझी विनंती आहे. आधी इस्पितळाच्या समाजसेवा विभागाला भेटा. बंगाली किंवा भोजपुरी येणारं एक तरी माणूस बरोबर घ्या. वाचायचा चष्मा, पेनं, गोंद, पॉवर बँक आणि झेरॉक्सपुरते सुटे पैसे घ्या, अन्नाची पाकिटं विचारल्यानंतरच आणा. दोघं-तिघं मिळून जा, घोळक्यानं नको. फोन खिशात ठेवा. तिथं आधीपासून राहणारा जाणता माणूस कोण ते शोधा आणि तो सांगेल ते काम करा. एका फुटपाथवर गेलात तर पुढच्या आठवड्यात तिथंच पुन्हा जा. कुणी विचारलं तुम्ही कोण, तर प्रभूचं नाव मोकळेपणानं सांगा. आणि कुणी नको म्हणालं, तर सलाम करून पुढं चाला.